पांढऱ्या वाळूवर शेवाळाचे सावट

कॅरेबियन समुद्रकिनाऱ्याचे चित्र पर्यटन व्यवसायाने वर्षानुवर्षे एकाच साच्यात बसवून ठेवले आहे. पिठासारखी पांढरी वाळू, निळे-हिरवे नितळ पाणी आणि पाण्यावर झुकलेली नारळाची झाडे. या चित्रावर विसंबून दर वर्षी लाखो पर्यटक मेक्सिकोतील कॅनकूनपासून बार्बाडोसपर्यंतच्या किनाऱ्यांवर उतरतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही कॅनकूनची सहल आता नवी राहिलेली नाही. गेल्या दीड दशकात मात्र यांपैकी अनेकांच्या वाट्याला वेगळेच दृश्य येत आहे. वाळूवर तपकिरी शेवाळाचा जाड थर, काठाजवळचे पाणी काळसर चहासारखे आणि हवेत कुजलेल्या अंड्यांचा दर्प.

या शेवाळाचे नाव सारगॅसम. दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातील शास्त्रज्ञ उपग्रहांच्या साह्याने त्याची नियमित मोजदाद करतात. त्यांच्या अंदाजानुसार मे २०२५ मध्ये अटलांटिक महासागर, कॅरेबियन समुद्र आणि मेक्सिकोचे आखात मिळून तब्बल ३ कोटी ७५ लाख टन सारगॅसम तरंगत होते. मोजणी सुरू झाल्यापासूनचा हा उच्चांक होता. यातील थोडाच भाग किनाऱ्याला लागतो; पण तो थोडा भागही एखाद्या बेटाचे संपूर्ण अर्थकारण हलवून टाकण्यास पुरेसा ठरतो. हे शेवाळ येते कोठून, आताच का येते आणि त्याचा खरा भार कोणावर पडतो, हे म्हणूनच समजून घेण्यासारखे आहे.

बिनकिनाऱ्याचा समुद्र

शालेय भूगोलात सारगॅसो समुद्राचा उल्लेख अनेकांनी वाचला असेल. जगातील इतर समुद्रांना कोठे ना कोठे जमिनीची सीमा असते. उत्तर अटलांटिकमधील या समुद्राला ती नाही. पश्चिमेला गल्फ प्रवाह, उत्तरेला उत्तर अटलांटिक प्रवाह, पूर्वेला कॅनरी प्रवाह आणि दक्षिणेला उत्तर विषुववृत्तीय प्रवाह अशा चार सागरी प्रवाहांनी तो वेढलेला आहे. या प्रवाहांच्या संथ भोवऱ्यात शेकडो वर्षांपासून सारगॅसम साठत आले आहे. १४९२ मध्ये कोलंबसची जहाजे या शेवाळातून गेली, त्या वेळी जमीन जवळ आली असावी असा समज झाल्याची नोंद आढळते.

बहुतेक समुद्री शैवाले खडकाला चिकटून वाढतात. कोकणातील आणि गोव्यातील खडकाळ किनाऱ्यांवरही सारगॅसमच्या काही जाती आढळतात. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवर त्यांचे तपकिरी झुबके दिसतात. अटलांटिकमध्ये तरंगणाऱ्या दोन प्रमुख जाती, सारगॅसम नॅटन्स आणि सारगॅसम फ्लुइटन्स, मात्र आयुष्यात कधीही तळाला स्पर्श करीत नाहीत. हवेने भरलेल्या मण्यांएवढ्या फुग्यांच्या आधाराने त्या पाण्यावर तरंगतात. त्यांना बीज लागत नाही. तुकडा तुटला की तो स्वतंत्रपणे वाढू लागतो. ऊन, ऊब आणि पोषक द्रव्ये यांची साथ मिळाली, तर तीन आठवड्यांच्या आतच त्यांचे वजन दुप्पट होऊ शकते.

खोल समुद्रात हे शेवाळ उपद्रवी नव्हे, उपकारक आहे. भर महासागरात जेथे आडोसा म्हणून काहीच नसते, तेथे त्याचे तरंगते गालिचे कासवांच्या पिलांना, लहान माशांना, खेकड्यांना आणि कोळंबीला आसरा देतात. युरोप आणि अमेरिकेच्या नद्यांतील वामसदृश ईल मासे प्रजननासाठी हजारो किलोमीटरचा प्रवास करून याच सारगॅसो समुद्राकडे जातात. सारगॅसमला ‘तरंगते सोनेरी वर्षावन’ म्हटले जाते, ते यामुळेच. प्रश्न शेवाळाच्या अस्तित्वाचा नाही. तो त्याच्या प्रमाणाचा आणि ठिकाणाचा आहे.

२०११ ची कलाटणी

२०११ पूर्वीही कॅरेबियन किनाऱ्यांवर अधूनमधून थोडे सारगॅसम येत असे आणि त्याची कोणी फारशी दखल घेत नसे. २०११ च्या उन्हाळ्यात मात्र पूर्व कॅरेबियन बेटांवर आणि त्याच वेळी पलीकडे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याचे ढीगच्या ढीग येऊन पडले. त्यानंतर २०१३ चा अपवाद वगळता हा प्रकार दर वर्षी कमी-अधिक प्रमाणात घडत आला आहे. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या घटनेला ‘ग्रेट अटलांटिक सारगॅसम बेल्ट’ असे नाव दिले. जून २०१८ मध्ये पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पसरलेल्या या पट्ट्याची लांबी ८,८५० किलोमीटर आणि वजन दोन कोटी टनांहून अधिक असल्याचे त्यात नमूद होते.

हे शेवाळ जुन्या सारगॅसो समुद्रातून थेट किनाऱ्यावर येत नाही, हा या संशोधनातील महत्त्वाचा मुद्दा. विषुववृत्ताच्या जवळ, उष्ण कटिबंधीय अटलांटिकमध्ये त्याचे नवे आगरच तयार झाले आहे. २००९-१० च्या हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवरील वाऱ्यांची नेहमीची रचना विलक्षण बिघडली होती. त्या वाऱ्यांनी सारगॅसो समुद्रातील काही शेवाळ पूर्वेकडे ढकलले, पुढे कॅनरी प्रवाहाने ते दक्षिणेकडे उष्ण पाण्यात आणून सोडले आणि तेथे ते रुजले, असे एक प्रमुख स्पष्टीकरण दिले जाते.

ते रुजले, पण वर्षानुवर्षे फोफावत का राहिले, यावर शास्त्रज्ञांमध्ये अद्याप एकमत झालेले नाही. ॲमेझॉन आणि इतर मोठ्या नद्यांतून समुद्रात येणारी शेतीतील खते आणि सांडपाणी हे एक कारण सांगितले जाते. १९८० च्या दशकात गोळा केलेल्या सारगॅसमच्या तुलनेत २०१० च्या दशकातील नमुन्यांत नायट्रोजनचे प्रमाण ३५ टक्क्यांनी वाढल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. विषुववृत्ताजवळ खोल पाणी वर येते आणि त्याच्यासोबत येणारे फॉस्फरस शेवाळाला खतपाणी घालते, असे दुसऱ्या गटाचे म्हणणे आहे. जर्मनीतील माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२५ मध्ये याच दिशेने पुरावे मांडले. शेवाळावर राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नायट्रोजन त्याला मिळवून देतात, असेही त्यांनी दाखवले. कारणे एकाहून अधिक असण्याचीच शक्यता आहे. त्यामुळे एखादा नळ बंद करावा आणि प्रश्न मिटावा, असा हा मामला नाही.

अठ्ठेचाळीस तासांचे गणित

पाण्यावर तरंगणारे ताजे सारगॅसम विषारी नसते. ते अंगाला लागले म्हणून दंशही होत नाही. मात्र त्यात दडलेल्या सूक्ष्म जीवांमुळे त्वचेला खाज सुटू शकते किंवा पुरळ उठू शकते. खरी अडचण किनाऱ्यावर पडलेल्या शेवाळाची असते. उष्ण हवेत साधारण दोन दिवसांत ते कुजू लागते आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड व अमोनिया हे वायू बाहेर पडू लागतात. कुजलेल्या अंड्यांचा तो दर्प हायड्रोजन सल्फाइडचा. म्हणूनच किनाऱ्यावर आलेले शेवाळ ४८ तासांच्या आत उचलावे, असे उद्दिष्ट फ्रान्सने कॅरेबियनमधील आपल्या बेटांसाठी ठेवले.

मोकळ्या किनाऱ्यावर वारा असतो आणि पर्यटक तेथे तास-दोन तास असतो. त्याला त्रास होतो तो प्रामुख्याने वासाचा, क्वचित डोळे चुरचुरण्याचा वा डोके दुखण्याचा. दम्याच्या रुग्णांना तो अधिक जाणवतो. किनाऱ्यालगत कायम राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. ग्वादलूप आणि मार्टिनिक या फ्रेंच बेटांवर २०१८ मध्ये आठ महिन्यांच्या काळात या वायूंच्या तीव्र बाधेचे ११ हजारांहून अधिक रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले. काही शाळा बंद ठेवाव्या लागल्या. हायड्रोजन सल्फाइडमुळे धातू काळे पडतात आणि झिजतात. त्यामुळे किनाऱ्याजवळील घरांत दूरचित्रवाणी संच, फ्रीज, वातानुकूलन यंत्रे एकामागून एक बंद पडल्याच्या तक्रारी आल्या. पर्यटक खोली बदलून घेतो. या रहिवाशांना घर बदलता येत नाही.

पाण्याचाही प्रश्न आहे. अनेक कॅरेबियन बेटांवर पिण्याचे पाणी समुद्राच्या पाण्यातील क्षार काढून मिळवले जाते. अमेरिकेच्या ताब्यातील व्हर्जिन बेटांपैकी सेंट क्रॉय येथे जुलै २०२२ मध्ये सारगॅसममुळे या पाणीपुरवठ्यातच अडथळा आला आणि अमेरिकेच्या अध्यक्षांना आणीबाणी जाहीर करावी लागली. त्याआधी २०१५ मध्ये टोबॅगोच्या प्रशासनाने सारगॅसमची लाट ही नैसर्गिक आपत्ती असल्याचे घोषित केले होते.

पर्यटनावर घाला

कॅरेबियन बेटांपैकी अनेकांची उपजीविका एकेकाळी उसावर चाले. साखरेचे दिवस सरले आणि तिची जागा किनाऱ्याने घेतली. हॉटेले, टॅक्सी, मार्गदर्शक, खानावळी, विमानतळ या सर्वांचा पाया म्हणजे ती पांढरी वाळू. वेस्ट इंडीज विद्यापीठाचे कुलगुरू सर हिलरी बेकल्स यांनी २०१५ मध्येच सारगॅसम हे कॅरेबियन पर्यटनापुढील सर्वांत मोठे संकट असल्याचे सांगितले होते. सफाईसाठी किमान १२ कोटी डॉलर आणि एक लाखाहून अधिक माणसे लागतील, असा त्यांचा त्या वेळचा अंदाज होता.

मेक्सिकोच्या किंताना रो राज्यातील कॅनकूनचे उदाहरण बोलके आहे. १९७० पर्यंत तेथे जवळजवळ वस्तीच नव्हती. मेक्सिको सरकारने ठरवून, आखणी करून हे पर्यटननगर उभारले. २००५ च्या ‘विल्मा’ चक्रीवादळाने तेथील वाळूच वाहून नेली, तेव्हा समुद्रतळातून वाळू उपसून किनारा पुन्हा घडवण्यात आला. किनारा हीच ज्या शहराची भांडवली मालमत्ता, त्या शहरापुढे सारगॅसमने नवी कसोटी उभी केली. २०१५ आणि २०१८ मध्ये तेथे प्रचंड शेवाळ आले. २०१९ मध्ये सफाईची सूत्रे मेक्सिकोच्या नौदलाकडे सोपवण्यात आली. खोल पाण्यात तरंगते अडसर, शेवाळ गोळा करणाऱ्या बोटी आणि किनाऱ्यावर फावडी व दंताळी घेतलेले मजूर अशी तिहेरी फळी तेथे हंगामभर काम करताना दिसते.

मोठ्या हॉटेलांचे कामगार पहाटेपासून आपल्यापुढील वाळू साफ करतात. पर्यटक न्याहारी आटोपून येतो तेव्हा त्याला किनारा बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो. त्यामागे किती माणसांनी उन्हापूर्वी किती ओझे उचलले, हे त्याला दिसत नाही. जेथे हॉटेल नाही, तेथे कोळ्यांच्या वस्तीपुढचा किनारा मात्र तसाच कुजत राहण्याची शक्यता अधिक.

पश्चिम आफ्रिकेचे चित्र याहून बोलके आहे. घाना, सिएरा लिओन, आयव्हरी कोस्ट या देशांच्या किनाऱ्यांवरही २०११ पासून हेच शेवाळ येते. तेथे कोळ्यांची जाळी शेवाळाने भरतात, होड्यांची यंत्रे अडकतात आणि दिवसाची कमाई बुडते. पण तेथे परदेशी पर्यटकांची गर्दी नाही. म्हणून त्या किनाऱ्यांची छायाचित्रे जगभरच्या वृत्तपत्रांत क्वचितच झळकतात. बार्बाडोसमध्ये उडता मासा हा राष्ट्रीय खाद्यपदार्थाचा भाग आहे. त्याच्या मासेमारीवरही सारगॅसमचा परिणाम झाल्याचे दिसून आले आहे.

सफाईचे दुखणे

शेवाळ आले की ते उचलावे, हा उपाय सरळ वाटतो. प्रत्यक्षात सफाईही किनाऱ्याला इजा करू शकते. जड यंत्रे वाळूवर फिरवली, की शेवाळाबरोबर वाळूही उचलली जाते आणि आधीच धूप होत असलेला किनारा आणखी अरुंद होतो. सारगॅसमचा हंगाम साधारणपणे मार्च ते ऑक्टोबर असा असतो आणि किंताना रोच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या विणीचा काळही मे ते ऑक्टोबर हाच. शेवाळाचा ढीग अंडी घालण्यास येणाऱ्या मादीची वाट अडवतो; यंत्राचे चाक तिच्या घरट्यावरून गेले, तर अंडी चिरडतात.

उचलले नाही, तर नुकसान वेगळे. कुजणाऱ्या शेवाळाचे पाणी किनाऱ्यालगतच्या समुद्रात उतरते, प्राणवायू कमी होतो, सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचत नाही आणि समुद्री गवताची कुरणे मरतात. मेक्सिकोच्या कॅरेबियन किनाऱ्यावर २०१८ मध्ये अशा कुजण्यामुळे ७८ जातींचे सागरी जीव मेल्याची नोंद संशोधकांनी केली. या किनाऱ्यासमोरच मेसोअमेरिकन प्रवाळभित्ती आहे. कॅरेबियनमधील पांढरी वाळू मोठ्या प्रमाणात प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्यापासून बनते. प्रवाळ आणि गवत नष्ट झाले, तर ज्या वाळूसाठी पर्यटक येतो, तिचा उगमच आटतो.

उचललेले शेवाळ टाकायचे कोठे, हा त्यापुढचा प्रश्न. सारगॅसममध्ये आर्सेनिक साठते. युकातान द्वीपकल्पाची जमीन सच्छिद्र चुनखडीची असून खाली भूजलाचे जाळे आहे. त्या जमिनीवर ढीग रचले, तर त्यातून झिरपणारे दूषित पाणी थेट भूजलात उतरण्याचा धोका असतो. समुद्रातला प्रश्न अशा रीतीने विहिरीपर्यंत येऊन पोचतो.

कचऱ्यातून काही साधेल?

या आर्सेनिकमुळेच सारगॅसमचा वापर खाद्य, पशुखाद्य किंवा खत म्हणून सरसकट करता येत नाही. तरीही प्रयत्न थांबलेले नाहीत. मेक्सिकोतील पुएर्तो मोरेलोस येथील ओमार वास्केस यांनी २०१८ मध्ये मातीत सारगॅसम मिसळून विटा बनवल्या आणि त्या विटांचे घर उभारले. बार्बाडोसमध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या केव्ह हिल परिसरातील संशोधकांनी रमच्या भट्ट्यांतील सांडपाणी आणि सारगॅसम एकत्र कुजवून वाहनांसाठी वायुरूप इंधन तयार करण्याचा प्रयोग हाती घेतला. काही उद्योजक शेवाळ किनाऱ्याला लागण्यापूर्वीच पाण्यात पकडण्याच्या पद्धती विकसित करीत आहेत. ताजे, वाळू न मिसळलेले शेवाळ मिळाले, तरच या उद्योगांना अर्थ आहे.

या सर्व प्रयोगांपुढील अडचण समान आहे. सारगॅसमच्या वजनात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे वाहतूक महाग पडते. शिवाय पुरवठा अनिश्चित. एका वर्षी डोंगराएवढे शेवाळ आणि दुसऱ्या वर्षी निम्मेही नाही, अशा कच्च्या मालावर कारखाना चालवणे कठीण. त्यामुळे हे उपयोग भार थोडा हलका करतील. सफाईचा खर्च भरून काढतील, असे समजणे घाईचे ठरेल.

सहलीची आखणी करताना

सारगॅसम आहे म्हणून कॅरेबियन सहल रद्द करण्याचे कारण नाही. थोडी माहिती घेतली, तर निराशा टाळता येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात शेवाळाचे प्रमाण सामान्यतः कमी असते. जून-जुलैच्या सुमारास ते सर्वाधिक असते. एकाच बेटाच्या दोन बाजूंचा अनुभवही भिन्न असू शकतो. वारे आणि प्रवाह शेवाळ पूर्वेकडून आणतात, त्यामुळे बार्बाडोसच्या अटलांटिककडील पूर्व किनाऱ्यावर ते साचते, तर पश्चिम किनारा बराच मोकळा राहतो. मेक्सिकोतही मुख्य भूमीवरील तुलुम व प्लाया देल कार्मेनच्या तुलनेत कोसुमेल बेटाची पश्चिम बाजू सुरक्षित असते. दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठाची मासिक अनुमाने आणि किंताना रोमधील किनाऱ्यांची स्थिती रंगांनी दर्शवणारे नकाशे कोणालाही पाहता येतात.

किनाऱ्यावर शेवाळ असेल तर कुजणाऱ्या ढिगांपासून दूर राहणे, दम्याच्या रुग्णांनी, गर्भवतींनी आणि लहान मुलांनी तेथे अधिक वेळ न घालवणे आणि पाण्यात उतरल्यास नंतर गोड्या पाण्याने अंग धुणे, एवढी काळजी पुरेशी असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाळूवर थोडे ताजे शेवाळ दिसले की हॉटेलकडे तक्रार करण्याची घाई न केलेली बरी. थोडे शेवाळ किनाऱ्याला उपयुक्तच असते. ते वाळू धरून ठेवते आणि पक्ष्यांना खाद्य पुरवते. आरशासारख्या स्वच्छ वाळूचा हट्टच अनेकदा यंत्रांना किनाऱ्यावर आणतो.

या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. किनारा ही सजावटीची वस्तू नसून जिवंत व्यवस्था आहे, याचा विसर पडला की सफाईचा अर्थ केवळ ‘पर्यटकाच्या नजरेआड करणे’ इतकाच उरतो. पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येतात, तेव्हाही चर्चा होते ती पर्यटकांच्या माखलेल्या पायांची. रापण ओढणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्यांची क्वचितच. सारगॅसमची कथा भूगोलाने दूरची असली, तरी तिच्यातील हा धागा ओळखीचा आहे. सुट्टी घालवण्यासाठी आलेल्या माणसासाठी शेवाळ हा एका आठवड्याचा विरस असतो. त्याच किनाऱ्यावर जन्म काढणाऱ्यांसाठी ते श्वासाचे, पाण्याचे आणि पोटाचे गणित असते. उपाययोजनांची आणि निधीची दिशा ठरवताना या दुसऱ्या गणिताला पहिले स्थान मिळाले, तर पांढरी वाळूही टिकेल आणि तिच्यावर विसंबलेली माणसेही.